घावन बुफेत ठेवता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "डिसेंबरात आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा, पुण्याहून दापोलीकडे तीन दिवस जाणार आहोत. नवऱ्याला स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट हवंय. मैत्रिणीने मला घरगुती 'निवास-न्याहारी' सुचवली. दरात फरक जेमतेम चार-पाचशेचा. टीव्ही नाही, मेनू नाही, गरम पाणीसुद्धा ठरावीक वेळेलाच. मग लोक त्याचं एवढं काय घेऊन बसतात?"

ताई, दरातल्या फरकावर ठरवणार असाल तर रिसॉर्टला जा. हा टोमणा नाही. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या आमच्या घरात गेली सतरा वर्षं आम्ही पाहुणे ठेवतो. आधी दोन खोल्या होत्या, आता चार आहेत. स्वस्त पडतं म्हणून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वैतागतो, हे इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवरच्या आवाजावरून ओळखते. चार-पाचशे रुपये वाचवून पूल, लिफ्ट, रात्री अकराला मिळणारं सँडविच हे सगळं सोडायचं, तर बदल्यात काहीतरी मिळायला हवंच. काय मिळतं ते सांगते. ही माझ्या घराची जाहिरात नाही, डिसेंबरअखेर माझ्याकडे जागाच नसते.

सुरुवात न्याहारीपासून करते, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

घावन घ्या. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेलं पीठ, पाणी, मीठ. बास. पीठ इतकं पातळ की पळीतून ताकासारखं ओघळलं पाहिजे. बिडाचा तवा चांगला तापवायचा, अर्ध्या कांद्याने त्यावर तेल फिरवायचं, कडेकडून आत पीठ सोडत यायचं आणि झाकण ठेवायचं. मिनिटाभरात जाळी पडते. पहिलं घावन बहुतेक चिकटतं, ते आमच्या कुत्र्याच्या वाट्याचं. पुढची तव्यावरून थेट ताटात. नारळाची चटणी नाहीतर नारळाच्या दुधात गूळ विरघळवलेला रस सोबत. हे सगळं दोन-तीन मिनिटांत खाल्लं तर ते घावन. दहा मिनिटांनी तो ओला रुमाल होतो.

आता चाळीस खोल्यांचं हॉटेल डोळ्यासमोर आणा. सकाळी आठ ते दहा या वेळात शंभर माणसं खाणार. तिथल्या स्वयंपाक्याच्या हाताला माझ्यापेक्षा चव असेल, पण त्याला पदार्थच असे निवडावे लागतात जे झाकणाखाली दोन तास तग धरतील. म्हणून गोव्यापासून गुवाहाटीपर्यंत तीच इडली, तोच उपमा, उकडलेली अंडी, ब्रेड-बटर, आणि आपल्याकडे आलात म्हणून पोहे. घावन बुफेत ठेवता येत नाही. ताकातली तांदळाची उकडही नाही. हिरवी मिरची, लसूण घालून घेरलेली उकड वाफ जिरायच्या आत, वर कच्चं तेल घेऊन खायची असते. गार झाली की वडी पडते. दडप्या पोह्यांचं उलटं: पातळ पोहे, ओला नारळ, कांदा, शहाळ्याचं पाणी कालवून दडपून ठेवावे लागतात, पण फार वेळ राहिले की लगदा. आंबोळीचं पीठ आदल्या संध्याकाळी आंबवायला लागतं, म्हणून मी पाहुण्यांना रात्री जेवतानाच विचारून ठेवते. म्हणजे कोकणातल्या खाण्यातला जो भाग हॉटेलच्या गणितात बसत नाही, तोच घरात मिळतो. चव हाताची असते हे खरं, पण त्याहून जास्त ती माणसांच्या संख्येची असते. दहा माणसांपर्यंत मी तव्यापाशी उभी राहू शकते. पंधराव्या माणसाला मीसुद्धा पोहेच देईन.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एका घराला एक ते सहा खोल्या भाड्याने देता येतात, आणि मालकाने त्याच घरात राहायचं असतं. सहाचा आकडा सरकारने कुठून काढला ते सरकार जाणे, पण तव्याच्या हिशेबाने तो बरोबर आहे. आणि दुसऱ्या अटीत तर सगळं मर्म आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

न्याहारीचं आणखी एक. दुपारच्या जेवणाला पाहुणे कधी येतील नेम नसतो, रात्री दमलेले असतात. सकाळी मात्र सगळे ओटीवर बसलेले, मी आत-बाहेर करत असते आणि हे चहाचा कप घेऊन झोपाळ्यावर. तेव्हाच "आज काय करायचं?" हा विषय निघतो. मग हे दिनदर्शिका मागवतात आणि तिथी बघतात. शहरातल्या माणसांना गंमत वाटते, आम्हाला यात नवं काही नाही. लहानपणी पाऊणकी पाठ केली असेल तर तुम्हालाही जमेल: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाला पाऊणने गुणून सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. एवढ्या एका हिशेबावर पाहुण्यांचा दिवस बसतो. वाळूत चालायला कधी जायचं, पोरांना पाण्यात कधी सोडायचं आणि कधी अजिबात नाही. दर मोसमात किनाऱ्यावर हौसेने उतरवलेल्या दोन-चार गाड्या वाळूत रुततात, मग पाणी चढायला लागतं आणि ट्रॅक्टरवाल्याची दिवाळी होते. रुतणारे कुठे उतरलेले असतात ते सांगत नाही. आमच्या ओटीवर बसलेल्यांपैकी अजून कोणी नाही, एवढंच सांगते.

तसंच हर्णै बंदराचं. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव होतो, तो बघायला सगळेच जातात. पण लिलावात मोठ्या राशी जातात, घरापुरती मासळी घ्यायची तर बाजूला बसलेल्या बायकांकडे जायचं, आणि बोली चालू असताना फोटोसाठी मध्ये घुसायचं नाही, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. आमच्याकडे मासे शिजत नाहीत. ज्यांना हवेत त्यांच्या जेवणाची सोय पलीकडच्या वाडीतल्या एका वहिनींकडे होते. त्या माझ्याकडे आलेल्या उपवासवाल्या सासवांची चौकशी करतात, मी त्यांच्याकडच्या सुरमईची. कुणाकडे कुणाला पाठवायचं हे ज्ञान हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाकडे नसतं. तो बिचारा सहा महिन्यांपूर्वी कुठूनतरी नोकरीला आलेला असतो.

आता त्या गोष्टीकडे येते जी बरेचसे लोक 'घरपण' म्हणून गुंडाळून टाकतात. मला तो शब्द फारसा पटत नाही. घरपणच हवं तर नातेवाइकाकडे जा की. पण जात नाही आपण. दापोलीत तुमची आत्तेबहीण असती तरी तीन रात्री चौघांनी जाऊन राहायला तुम्हाला संकोच वाटला असता. नेताना मिठाईचा पुडा, तिथे गेल्यावर ताटं उचलायला पुढे होणं, निघताना मुलांच्या हातावर पैसे, आणि पुढच्या मे महिन्यात ती पुण्याला येईल तेव्हाची परतफेड डोक्यात. उलट हॉटेलात कुणाचं काही देणं नाही, पण तिथे तुम्ही दोनशे सात नंबर असता. निवास-न्याहारी या दोन्हींच्या मधोमध आहे. पैसे चोख दिलेले असतात, त्यामुळे मिंधेपणा नाही. सकाळी साडेनऊपर्यंत झोपा, ताट तसंच ठेवून उठा, "आज बोलायला नको वाटतंय" म्हणून पुस्तक घेऊन मागीलदारी बसा, माझा राग येण्याचा प्रश्नच नाही. आणि तरी तुमच्या मुलाला नारळाची चटणी तिखट लागली हे दुसऱ्या दिवशी मला आठवत असतं.

पैसे घेतल्याने आपुलकी पातळ होते असं आमच्या सासूबाईंचं मत होतं. "अन्नाचे पैसे घ्यायचे?" म्हणून पहिले सहा महिने त्या माजघरातून बाहेर आल्या नाहीत. मग एकदा नाशिकच्या एका आजींशी त्यांचं लोणच्याच्या खारावरून वाजलं, आणि त्यानंतर दर पाहुण्याला तपासून घ्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

खरं तर आपल्या माणसांना हे नवं नाहीच. त्र्यंबकेश्वरला, नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींच्या घरी उतरत आले. तिथली पंगत, तिथलंच न्हाणीघर, निघताना दक्षिणा. ठरावीक घराण्याचे ठरावीक गुरुजी. ते निवास-न्याहारीच होतं, फक्त त्याला तो शब्द नव्हता. तो शब्द महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या योजनेमुळे कोकणात रुळला. विलायतेत घराबाहेर 'जागा आहे' अशी पाटी लावून खोली आणि सकाळचं भरपेट खाणं देणाऱ्या बायका असतात, त्यांचीच ही सख्खी चुलत बहीण.

पैशांचं आणि आपुलकीचं म्हणत होते, तर ३ जून २०२० सांगते. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडही त्यात झोडपून निघाले. आमच्या पोफळी आडव्या झाल्या, पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली, सव्वा महिना वीज नव्हती. फोन लागायला लागले तेव्हा पहिल्या दहातले सात पाहुण्यांचे होते. एकाने विचारलं, "काकू, विहिरीजवळचा रायवळ आंबा आहे ना?" नव्हता. तोही पडला होता. तो गृहस्थ फोनवर काही वेळ बोललाच नाही. हिशेबाने आमचं-त्याचं नातं शेवटचं बिल दिलं तेव्हाच संपलं होतं.

आता उलट बाजू, कारण तुमच्या यजमानांचं म्हणणंही अगदीच चूक नाही.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी बंबात तापतं, नारळाची सोडणं घालून. सकाळी साडेसहा ते नऊ. दुपारी बाराला समुद्रावरून खारट अंगाने येऊन गरम पाणी मागाल तर विहिरीचं थंड मिळेल, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तेच बरं वाटतं. वीज जाते. रात्री कोल्हे ओरडतात, पहाटे शेजारचा कोंबडा, पावसाळ्यात बेडूक. पाल असते. क्वचित पडवीत साप येतो, तेव्हा हे गडबड न करता सर्पमित्राला बोलावतात, पण पाहुण्यांची झोप उडते ती उडतेच. भिंती चिऱ्याच्या असल्या तरी वरून माळा एक आहे, त्यामुळे भांडायचं असेल तर हळू आवाजात. दुपारी दोन ते चार मला हाक मारायची नाही, ही आमच्या घरची एकमेव लेखी सूचना. दारू चालत नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक राहत्या घरांत चालत नाही, आधी विचारून घ्या.

आणि मुख्य म्हणजे निवड नसते. आज काय आहे ते आहे. या बाबतीत मी स्वतः एकदा शेण खाल्लेलं आहे. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं, वहिनी, मेनूकार्ड करा, धंदा वाढेल. केलं. चौदा पदार्थ, प्लॅस्टिकमध्ये घालून. दोन मोसमांत अशी अवस्था झाली की रात्री दहाला मी बटाटेवडे तळतेय, फ्रीजमध्ये पनीर ठेवतेय, आणि परसात केळफूल सुकून जातंय. डाळिंब्यांचे वाल भिजवून, मोड आणून, सोलायला घरात कुणाला वेळ नव्हता. ओले काजू बाजारात विकले, कारण मेनूकार्डात ते नव्हते. पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि त्याही बरोबर होत्या: बटाटेवडा हॉटेलात माझ्यापेक्षा चांगला मिळतो. ती कार्डं शेवटी बंबात गेली.

मेनू नसण्याचा फायदा महिन्याप्रमाणे बदलतो. डिसेंबरात याल तर नव्या तांदळाचा गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूंची उसळ. एप्रिल-मे म्हणजे फणस: आधी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, मग बरक्या फणसाच्या रसातली सांदणं. पावसात टाकळा, भारंगी, अळू, आणि हळदीच्या पानातले पातोळे. त्या दिवसांत माझा दर निम्मा असतो, माणसं तुरळक, आणि माझ्या मते घर तेव्हाच खरं बघण्यासारखं असतं. पण समुद्रात मात्र पाय ठेवायचा नाही.

सगळ्यात मोठा धोका निराळाच आहे. 'होमस्टे' अशी पाटी असलेल्या बऱ्याच जागी आता घरात कुणी राहतच नाही. मालक मुंबईला, किल्ली केअरटेकरकडे, न्याहारी कोपऱ्यावरच्या टपरीतून. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण मग तुम्ही चार-पाचशे रुपये वाचवून फक्त एक लहान हॉटेल घेतलंत. मूळ कल्पनेचं असं होणं जगभर दिसतं. एअरबीएनबीचंच घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांनी २००७ साली भाडं भागवायला स्वतःच्याच घरात हवेच्या गाद्या टाकल्या आणि सकाळचं खाणं देऊ केलं, म्हणून ते नाव. आज त्यावर रिकामे फ्लॅट मिळतात आणि किल्ली दाराजवळच्या डबीत. गादी सुधारली, न्याहारी गेली.

याच्या उलट टोकाला आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात, म्हणजे बघायचं तर रात्री गावात राहणं आलं, आणि राहायला होती ती गावकऱ्यांची घरं. माजघरात, पडवीत गाद्या, घरच्यांनी वाढलेलं साधं जेवण, काही घरांत न्हाणीघर सामाईक. चकचकीतपणा शून्य. पण पाहुणा जिच्या हातची भाकरी खातो तिच्या घरात कासव जगल्यामुळे चार पैसे येतात, हे त्याला तिथे दिसतं. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला मार्चमध्ये तिकडे न्याच. फक्त त्या दिवशी पिल्लं निघतीलच याची हमी कुणी देत नाही, आणि देत असेल तर संशय घ्या.

मग खरं घर ओळखायचं कसं? फोन करा, ॲपवरून बुकिंग नको. "आपण स्वतः तिथेच राहता का?" हे सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. मग विचारा, "न्याहारीला काय असतं?" "पोहे, उपमा, इडली, पराठा, जे म्हणाल ते" असं उत्तर आलं तर ते लॉज आहे. "कधी येताय तुम्ही?" असा उलट प्रश्न आला, तर पुढे बोला. पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं तरी खोकणं, "अगं फोन घे" असलं काही ऐकू आलं तर आणखी चांगलं. फोटो बघताना खोलीचे कमी बघा, ओटीचे आणि अंगणाचे जास्त. दोरीवर घरातल्यांचे कपडे दिसले म्हणून नाक मुरडू नका, तीच तर खूण आहे.

यजमानांसाठी एक तोडगा: तीनपैकी पहिल्या दोन रात्री घरात काढा, शेवटची पूलवाल्या जागी. उलटा क्रम नको. एसीतून, टीव्हीतून उठून घरात आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त उणिवा दिसतात. २५ डिसेंबर ते १ जानेवारी मात्र टाळाच. त्या आठवड्यात माझ्यासकट कुणाच्याच हातून धड घावन होत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारून घ्या. जुन्या घरांची जोती उंच असतात, ओटीला तीन-चार पायऱ्या असतात आणि बाजूला धरायला काही नसतं. न्हाणीघरात कमोड आहे का, ते खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून, आणि तिथे रात्री दिवा असतो का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारा. कॉट हवी असेल तर तेही आधी सांगा, बऱ्याच घरांत एकच असते आणि ती घरातल्याच म्हाताऱ्या माणसाची असते. येताना बॅटरी आणा.